आधी कारखाना, मग माणसे

अमेरिकेच्या मध्यभागातील लहान गावांवर गेल्या पंचवीस वर्षांत जे लिहिले गेले, त्यात एक क्रम ठरूनच गेलेला दिसतो : आधी शांत गाव, मग लॅटिनो मजुरांचे येणे, मग गावाचे बदलणे. मला हा क्रमच संशयास्पद वाटतो.

स्टीफन ब्लूम यांचे ‘पोस्टव्हिल’ (2000) घ्या. आयोवा राज्यातल्या, दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावातला बंद कत्तलखाना 1987मध्ये ब्रुकलिनच्या एका हसिदी ज्यू कुटुंबाने विकत घेतला. ब्लूम स्वतः ज्यू. मालक आणि लुथरपंथी गावकरी यांच्यातला ताण ते बारकाईने टिपतात. सुरी चालवणारे हात मात्र पुस्तकाच्या कडेलाच राहतात. भांडण दोघांचे, असे एकदा धरले की तिसरा दिसत नाही.

तो तिसरा दिसला 12 मे 2008 रोजी. त्या दिवशी कारखान्यावर छापा पडला आणि 389 जणांना पकडले गेले; बहुतेक ग्वातेमालाचे. खटले चालले वॉटर्लू शहरात, गुरांच्या प्रदर्शनाच्या आवारात! न्यायालयाचे दुभाषी एरिक कामायद-फ्रेक्सास यांनी त्यावर लिहिलेला निबंध मला ब्लूम यांच्या अख्ख्या पुस्तकाहून मोलाचा वाटतो. दुभाष्याने कामातले बाहेर बोलू नये, हा संकेत मोडून त्यांनी लिहिले. साखळदंडातली माणसे दहा-दहाच्या गटाने समोर येतात. अनेक जण माया वंशाचे, काहींना स्पॅनिशही परकी. सोशल सिक्युरिटी क्रमांक म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस त्याच क्रमांकापायी गुन्हा कबूल करतो, कारण खटला लढवायचा तर कोठडी लांबते आणि घरी पैसा जात नाही. शब्द पोचवूनही अर्थ पोचत नाही, ही दुभाष्याची घालमेल निबंधभर आहे. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की क्रमांक दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला माहीत असल्याखेरीज ओळखचोरीचा तो गंभीर गुन्हा ठरत नाही. तोवर पाच-पाच महिने भोगून झाले होते. कारखाना 2008मध्येच दिवाळखोरीत गेला, आणि गावाची चूल कोणाच्या जोरावर पेटत होती ते गावालाही कळले.

क्रम उलटा मांडला तो आर्ट कलन यांनी ‘स्टॉर्म लेक’मध्ये (2018). आयोवातल्याच आपल्या गावी ते वृत्तपत्र चालवतात. 2017चे अग्रलेखांसाठीचे पुलित्झर त्यांचेच. त्यांच्या गावी हायग्रेड कंपनीचा कत्तलखाना 1981मध्ये बंद पडला आणि पुढच्या वर्षी आयबीपीने तो कमी मजुरीवर, संघटनेविना पुन्हा उघडला. गाव बदलले ते तेव्हा. माणसे मागाहून आली. कलन यांची मांडणी मला पटते. पण त्यांचा मजूर त्यांच्या मायेतूनच आपल्याला भेटतो, स्वतःहून फारसा बोलत नाही.

बोलतो तो तोमास रिवेरा यांच्या 1971च्या स्पॅनिश पुस्तकातला शेतमजुराचा मुलगा. उत्तरेकडच्या शाळेतून मारामारीवरून काढून टाकल्यावर तो घराकडे निघतो. गाव बदलले की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. घरी काय सांगायचे, हा आहे.