सूर संपल्यानंतरची पंधरा मिनिटं

‘आस्वाद’ हा शब्द आपण समीक्षेत इतका वापरतो, की तो अभ्यासाचा विषय आहे हे विसरायलाच होतं. फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. थोडक्यात, चांगल्या अनुभवाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणं आणि तो मनात मुरू देणं. पण मंद, मागे वाजत राहणारं ‘अ‍ॅम्बियंट’ संगीत तर लक्ष मागतच नाही. मग ते ऐकून आस्वाद घेता येतो का? आणि सोडून देणं?

मुळशीच्या धरणाकाठी निवांत व्हायला जाताना तुमच्या फोनमध्येही अशी एखादी प्लेलिस्ट असेल: पाऊस, बासरी, दोन-तीन तास. आवाज गोड असतात, त्याबद्दल तक्रार नाही. ती संपतच नाही, ही तक्रार आहे.

तुलनेला पुण्यातलंच उदाहरण घ्या. कोरेगाव पार्कातला रजनीशांचा आश्रम १९७४ मध्ये सुरू झाला. तिथे राहिलेला जर्मन संगीतकार डॉयटर यानं ‘नादब्रह्म’ ध्यानासाठी संगीत केलं. अर्धा तास ओठ मिटून गुणगुणायचं. मग साडेसात मिनिटं तळवे वर ठेवून हात बाहेरच्या दिशेनं फिरवायचे, म्हणजे देणं. नंतर तितकाच वेळ तळवे खाली, हात आतल्या दिशेनं: घेणं. शेवटची पंधरा मिनिटं स्तब्ध. ध्यानाचे दावे बाजूला ठेवा, रचना म्हणून बघा. नुसतं ऐकणाऱ्याला पहिला अर्धा तास लांबतो, अगदी कंटाळा येतो म्हणा ना. पण गुणगुणायला लागलात की घुमणाऱ्या नादात तुमचाच आवाज मिसळतो आणि लक्ष आपोआप जागं राहतं. प्लेलिस्टला हे साधत नाही. शिवाय इथे शेवट आधीच ठरलेला आहे. सूर जातात आणि तुम्ही तिथेच उरता.

या उरण्याला शरीरशास्त्राचा थोडा आधार मिळतो. बर्नार्डी, पोर्टा आणि स्लाइट यांनी २००६ मध्ये २४ जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात रागसंगीतही होतं. मध्येच कुठेतरी दोन मिनिटांचा विराम टाकला होता. हृदयगती आणि रक्तदाब त्या विरामातच ऐकण्याआधीच्या पातळीखाली गेले! म्हणजे परिणाम सुरांपाठोपाठ आलेल्या शांततेचा. अर्थात माणसं २४, आणि नाडी शांत होणं म्हणजे आस्वाद नव्हे. एवढ्यावरून ‘संगीत सोडून द्यायला शिकवतं’ असं लिहिलंत, तर गाईड पहिलं वाक्यच खोडतील. पण तुमच्या प्रयोगात ‘संगीत’ आणि ‘शांतता’ असे दोनच गट असतील, तर खरी गोष्ट निसटेल. ‘संगीत, मग शांतता’ हा तिसरा गट हवाच.

आता प्रश्नावलीचं मराठी. ‘सोडून देता आलं का?’ हा प्रश्न पुण्यातल्या पाहुण्याला सरळ वाटेल. मुळशीत तसं नाही. या पाण्याखाली गावं आहेत. टाटांच्या धरणासाठी जमीन सोडायला इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या सत्याग्रहात नकार दिला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तिथल्या माणसाला हा शब्द ‘निवांत व्हा’ असा ऐकू येईलच असं नाही, आणि त्याचं उत्तर तुम्ही ‘आस्वादक्षमता कमी’ म्हणून नोंदवलंत तर तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याऐवजी ‘सूर थांबल्यावर मन कुठे होतं?’ हा प्रश्न आधी दहा जणांना विचारून बघा, पाच पुण्यातले, पाच धरणाकाठचे.