अंगावरचं उसनं आकाश

जुन्या विज्ञानपटांच्या व्हिडिओ कॅसेटवर असायची तशी चित्रं आता लेडीज टी-शर्टवर आली आहेत. काळं आकाश, जांभळा ग्रह, आडव्या पट्ट्यांनी चिरलेला सूर्य आणि क्षितिजापर्यंत पसरलेली निऑन रंगाची जाळी. मोबाइलवरून मागवलेलं पार्सल नंदुरबारला येतं तसं शहाद्या-तळोद्यालाही येतं, त्यामुळे ही आवड पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. आठवडे बाजारातल्या ढिगातला ‘नासा’ लिहिलेला टी-शर्ट हा याच घराण्यातला गरीब भाऊबंद. नासा आपल्या चिन्हाचे पैसे घेत नाही, फक्त परवानगी मागते. ढिगातल्या मालासाठी तीही कुणी मागितली असेल असं वाटत नाही. फॅशन म्हणून या कपड्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. छापील चित्रकला म्हणून पाहिलं, तर तिची प्रकृती फारशी बरी नाही.

मूळ चित्रं मोठ्या ताकदीची होती. अमेरिका-युरोपातल्या व्हिडिओच्या दुकानात गिऱ्हाईक फळीसमोर उभं राही आणि कव्हर पाहून कॅसेट उचली. सिनेमा जितका हलका, तितकं कव्हरला जास्त राबावं लागे. इटलीच्या एन्झो शोत्तीनं अशा कितीतरी सामान्य चित्रपटांना त्यांच्या लायकीपेक्षा देखणे चेहरे दिले. बॉब पीकचं १९७९च्या ‘स्टार ट्रेक’चं पोस्टर किंवा जॉन अल्विनचं १९८२च्या ‘ब्लेड रनर’चं पोस्टर पाहावं: अंधारातून उजेड हळूहळू वर येतो आणि चेहरे त्यात विरघळतात. २०१६ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली. काइल लॅम्बर्टनं तिचं पोस्टर याच जुन्या शैलीत, पण डिजिटल पद्धतीनं रंगवलं आणि टी-शर्टवाल्यांना खाण सापडली. गंमत म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा सूर्य खऱ्या कव्हरांवर क्वचितच दिसतो. तो रूढ केला २०१०नंतरच्या सिंथवेव्ह संगीताच्या अल्बमांनी. ऐंशीच्या दशकाची ही आठवण बरीचशी नंतर बनवलेली आहे.

आपल्याकडे तर ती आठवणही नव्हती. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आणि गावोगावचे व्हिडिओ पार्लर. पण भाड्यानं मिळणारी कॅसेट बहुधा चोरटी कॉपी असे; कव्हर कोरं आणि त्यावर स्केचपेननं लिहिलेलं नाव. आपलं रंगीत अद्‌भुत दुसरीकडे होतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरच्या रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांत होतं, अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकात होतं, टॉकीजबाहेरच्या हातानं रंगवलेल्या फलकांवर होतं. १९७९ साली जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ आला, तोवर मराठी विज्ञानकथा वयात आली होती. हा सगळा खजिना टी-शर्टवर जवळजवळ शून्य आहे. मराठी टी-शर्ट म्हणजे अजून वाक्य: एखादा टोमणा, एखादी शिवी सौम्य करून. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत देवनागरी अक्षरांना जो चेहरा दिला, त्याचे वारस आपण. तरी आपल्या टी-शर्टवरची अक्षरं संगणकात तयार मिळालेल्या फॉन्टची, न वळवलेली, न घडवलेली. चित्र आणि अक्षर एकमेकांशी बोलतायत असा मराठी टी-शर्ट विरळाच.

छपाईच्या तंत्रानंही चित्राचं नुकसान केलं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून कव्हरावरचा तरल उजेड चार-पाच सपाट रंगांत मोडतो. कसबी छपाईवाला बारीक ठिपक्यांनी तो सावरतो. आळशी माणूस वर कृत्रिम भेगा टाकून त्याला ‘रेट्रो’ म्हणतो. सब्लिमेशनमध्ये रंग धाग्यात मुरतात, पण त्याला पॉलिस्टर लागतं आणि तेही फिकं, कारण काळ्यावर हे रंग उमटत नाहीत. नंदुरबारहून सुरत रेल्वेनं जवळ आणि नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतही यंत्रमाग, त्यामुळे पॉलिस्टर इथं परकं नाही. इथल्या मे महिन्यात ते अंगाला चिकटतं एवढंच. डीटीएफमध्ये फिल्मवर छापलेलं चित्र गरम दाबानं सुती कापडावर बसवतात. काळ्या आकाशाला हाच मार्ग सोयीचा, पण काम हलकं असेल तर छातीवर रबराची पाटी डकवल्यासारखं वाटतं आणि काही धुण्यांत ती तडकते.

आता या चित्रांतली बाई पाहू. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’पासून पोस्टरवरची विज्ञानकथेतली स्त्री एक तर धातूची आहे किंवा कुणाच्या तरी पायाशी आहे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’च्या गाजलेल्या पोस्टरवर नायक तलवार उंचावतो आणि राजकन्या त्याच्या खालच्या अंगाला पाय दाखवत उभी. १९७९च्या ‘एलियन’ची नायिका रिप्ली शेवटी एकटी उरून लढते, पोस्टरवर मात्र फक्त तडकलेलं अंडं. बायकांसाठीचे टी-शर्ट काढणारे हीच चित्रं घेतात, आकार लहान करतात, कधी गुलाबी छटा चढवतात आणि काम झालं समजतात. अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टवर पुरुषाच्या छातीसाठी जुळवलेलं चित्र वाकडं होतं, हेही कुणी पाहत नाही. ढगळ, उतरत्या खांद्यांच्या टी-शर्टमुळे निदान कापड मोठं मिळालं. चित्रातली बाई मात्र अजून मोठी झालेली नाही.

वेगळी वाट खानदेशाच्या शेजारीच, यंत्रमागांच्या मालेगावात निघाली होती. शेख नासिर यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटात शफीक शेख हा यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटानं ही खटपट जगापुढे नेली. परदेशी नायक घ्यायचा आणि त्याला आपल्या गावच्या प्रदूषणाशी, गुटख्याशी भिडवायचं, हे तिथल्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं. उसनं घेण्याची ही खरी रीत. तिथंही उणीव होती ती बाईचीच: गावातल्या स्त्रिया पडद्यावर येत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत.

नंदुरबारची चित्रं काढू म्हटलं तर एक सोपा मोह आडवा येतो. काठी गावच्या आदिवासींच्या राजवाडी होळीतले मोरपिसांचे उंच टोप आणि अंगावरचे ठिपके घ्यायचे, त्यांना परग्रहवासी करून टाकायचं. हे होऊ नये. अवकाशकथांच्या जुन्या कव्हरांनी परग्रहावरचे ‘रानटी’ रंगवले ते वसाहतवाद्यांच्या नजरेतूनच. पिसं आणि भाले तिथूनच आले. तीच नजर सातपुड्यातल्या माणसांवर पुन्हा लादायची आणि तीही त्यांच्याच मुलींच्या अंगावर, हा रेट्रोपणा नव्हे.

विज्ञानकथेचा ऐवज इथं वेगळाच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो एका आदिवासी स्त्रीला. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचं छायाचित्र, बारा आकडी ओळख: ‘ब्लेड रनर’च्या सुरुवातीला पडदाभर दिसणारा डोळा ज्या भविष्याची धास्ती दाखवत होता, ते भविष्य भारतात या गावातून सुरू झालं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली, हीही एखाद्या बुडालेल्या ग्रहाची गोष्ट शोभेल. यातलं एकही चित्र एखाद्या गाजलेल्या टी-शर्टवर आलेलं नाही. चित्रकार नाहीत म्हणून नव्हे. भविष्य नेहमी कॅलिफोर्नियात घडतं अशी आपली समजूत आहे म्हणून.

यापुढे या टी-शर्टांना एक कसोटी लावावी. ग्रह किती जांभळा आहे ते सोडून द्यावं, चित्रातली बाई काय करते आहे ते पाहावं. ती कुणाच्या पायाशी असेल, तर कापड कितीही मऊ असो, चित्र नापास. पहिला आधार क्रमांक घेऊन ती स्वतः यंत्राच्या डोळ्याला डोळा देत असेल आणि वर देवनागरी अक्षरं मुद्दाम घडवलेली असतील, तर शेडगे-मुळगावकरांच्या परंपरेत एका टी-शर्टची भर पडली असं म्हणता येईल.