मोठे चित्र, लहान शब्द

पुस्तकाची, नाटकाची, चित्रप्रदर्शनाची समीक्षा करण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळाकडे मात्र कोणी समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. ते वेळा आणि तिकिटांचे दर सांगणारा फलक आहे, अशीच आपली समजूत असते. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ च्या ऑक्टोबरअखेर जे नवे संकेतस्थळ उघडले, त्याने ही समजूत मोडली. २००३ च्या अखेरीपासून मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. तिचे दरवाजे १३ एप्रिल २०१३ रोजी उघडायचे होते. म्हणजे वास्तूच्या आधी जवळजवळ सहा महिने पडद्यावरचे संग्रहालय खुले झाले. संकेतस्थळांचे आयुष्य अल्प असते आणि त्या वेळचे ते रूप आज तसेच राहिलेले नाही. परंतु त्याने घालून दिलेली वाट जगभरच्या संग्रहालयांनी इतकी तुडवली आहे की तिचे गुणदोष पाहणे अजूनही अगत्याचे आहे.

कल्पना साधी होती. एक लक्ष पंचवीस हजार कलाकृती, प्रत्येकीचे पडदाभर पसरलेले चित्र आणि बाकी सारे बाजूला. मेनू लहान, मजकूर मागे सरकवलेला. पाहणाऱ्याने चित्राजवळ जावे, हवा तो तुकडा कातरून घ्यावा, स्वतःचा संग्रह मांडावा, चित्र उतरवून घेऊन चहाच्या पेल्यावर किंवा सदऱ्यावर छापावे. या दालनाला त्यांनी 'राइक्सस्टुडिओ' असे नाव दिले.

यामागे कोणाचा विचार होता? संग्रहालयाच्या इंटरनेट विभागाचे प्रमुख पीटर गोर्गेल्स यांनी २०१३ मध्ये तो सविस्तर मांडला. अभ्यासक आणि कलारसिक हे ठरलेले वर्ग. पण आखणी झाली ती तिसऱ्याच वर्गासाठी. त्याला तिकडे जे नाव आहे ते मराठीत 'संस्कृतीचा अल्पोपाहार करणारे' असे सांगता येईल. हा मनुष्य मुद्दाम बैठक मारून कला पाहत नाही. येता-जाता चित्रे चाळतो, आवडले ते मित्राला पाठवतो. हातात नुकत्याच आलेल्या टॅब्लेटवर बोट फिरवण्याची त्याची सवय हेरून पडद्याची रचना केली गेली.

ही निवड मला धाडसाची वाटते. संग्रहालये शतकभर तज्ज्ञांशी बोलत आली आणि सामान्य माणसाने ते संभाषण दाराआडून ऐकायचे, असा रिवाज होता. तो येथे मोडला. तरीही वापरणाऱ्यांचा अभ्यास करण्याच्या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा आहे. एखादा मनुष्य दोन क्षणांत पुढच्या चित्राकडे गेला, हे यंत्र अचूक सांगते. तो का गेला, हे सांगत नाही. त्याला मजकूर नको होता, की नीरस मजकूर नको होता? या दोहोंत फार अंतर आहे. पहिले खरे मानले की शब्द कमी करायचे. दुसरे खरे मानले की चांगला लेखक शोधायचा. पहिले सोपे असते.

या संकेतस्थळाचे निर्विवाद यश कोणते, ते आधी सांगितले पाहिजे. व्हर्मीरची 'दुधवाली' हे सुमारे १६६० सालचे, दीड फूटही उंची नसलेले चित्र या संग्रहालयाचे रत्न. इंटरनेटवर त्याच्या दहा हजारांहून अधिक नकला पसरल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक पिवळट पडलेल्या होत्या. लोकांच्या डोळ्यांना त्या पिवळेपणाची इतकी सवय झाली की, संग्रहालयाच्या दुकानातील पोस्टकार्डावरचे खरे रंग त्यांना खोटे वाटू लागले. यूरोपियाना या संस्थेने २०११ मध्ये याच उदाहरणावरून आपल्या एका प्रबंधाचे नाव ठेवले. वाईट नकलांवर उपाय एकच : अस्सल प्रत मुक्तहस्ते द्यायची. टाको डिबिट्स हे त्या वेळी संग्रहविभागाचे प्रमुख होते. कोणाला व्हर्मीर शौचालयातल्या कागदावर छापायचाच असेल, तर त्याने तो निकृष्ट नकलेवरून छापण्यापेक्षा आमच्या उत्तम प्रतीवरून छापावा, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुष्कळ गाजले. ज्या चित्रांवर कायद्याने कोणाचाच मालकीहक्क उरलेला नाही, त्यांच्या छायाचित्रांवरही पैसे आकारणाऱ्या संस्था आजही आहेत. त्यांच्यापुढे हे औदार्य उठून दिसते.

दृश्याच्या या राज्यात शब्दाला कसे वागवले गेले, याची एक खूण बोधचिन्हात दिसते. २०१२ मध्येच इर्मा बोम या नामवंत ग्रंथरचनाकर्तीने संग्रहालयाचे नवे नाममुद्राक्षर केले आणि 'राइक्स' व 'म्युझियम' यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली. डच भाषेत हा एकच जोडशब्द आहे. आपण 'राजवाडा' हा शब्द 'राज वाडा' असा तोडून लिहावा, तसा हा प्रकार. भाषाप्रेमी डच मंडळी चिडली आणि हा इंग्रजीचा संसर्ग आहे, असे म्हणाली. डोळ्याला ती जागा सुखावते, यात शंका नाही. मला मात्र चिडलेल्यांची बाजू पटते.

वास्तूचा इतिहास पाहिला की गंमत वाढते. १८८५ ची ही इमारत पिएर कॉयपर्स या कॅथलिक वास्तुशिल्पीने बांधली. ती संग्रहालयापेक्षा ख्रिस्तमंदिरासारखी दिसते म्हणून प्रॉटेस्टंट मंडळींनी नाके मुरडली. तिसऱ्या विल्यम राजाने तर 'त्या मठात' पाऊल टाकणार नाही, असे म्हटल्याचे सांगतात. कॉयपर्सच्या भिंती बोलक्या होत्या : चित्रे, चिन्हे, कोरीव मजकूर. विसाव्या शतकात शुद्ध कलादर्शनाच्या आग्रहापायी त्यांच्यावर पांढरा रंग फासला गेला. नव्या दुरुस्तीत हे अलंकरण बऱ्याच अंशी परत आणले गेले. म्हणजे एकाच काळात कारागीर भिंतींना वाचा परत देत होते आणि संकेतस्थळाचे रचनाकार पडद्यावर नवी पांढरी भिंत उभारत होते.

याने बिघडते काय? सीमॉन मारिस याने १९०६ च्या सुमारास काढलेले एक चित्र या संग्रहात आहे. पांढऱ्या पोशाखातील, हाती पंखा घेतलेली, कृष्णवर्णीय तरुणी. पडदाभर पसरलेले हे चित्र पाहणाऱ्याला मोहून टाकते. परंतु त्याचे जुने शीर्षक तिला केवळ तिच्या वर्णावरून, तेही आज अपमानास्पद ठरलेल्या शब्दाने, संबोधत होते. २०१५ मध्ये संग्रहालयाने आपल्या नोंदींतील असे शब्द शोधून बदलण्याचे काम हाती घेतले आणि ती 'पंखा घेतलेली तरुणी' झाली. पुढे तिचे नाव सापडले : इझाबेला. आज चित्रही त्याच नावाने ओळखले जाते. हे नाव वापरणाऱ्यांच्या कोणत्याही पाहणीतून मिळाले नसते. कोणीही ते मागितलेले नव्हते. जिचे ते नाव, ती वापरणाऱ्यांच्या यादीत असणे शक्यच नव्हते. संग्रहालयाची जबाबदारी पाहणाऱ्याशी असते तशी चित्रातल्या माणसाशीही असते, आणि ती दुसरी जबाबदारी चित्राखालच्या दोन ओळींत पार पडते. रचनाकाराने आड येतात म्हणून मागे सरकवल्या, त्या याच ओळी.

आपल्याकडे दोष उलट आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संग्रहालयांसाठीचे पोर्टल आणि त्यामागची 'जतन' ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाली. ती घडवणाऱ्या गटाच्या नावातच 'मानवकेंद्री रचना' हे शब्द आहेत. एवढ्या संस्थांच्या विखुरलेल्या नोंदी एका साच्यात आणणे हे मोठेच काम. पण पाहणाऱ्यापुढे येतो तो तक्ता : नाव, माध्यम, मापे, काळ. तिकडे शब्द वाचून चित्र पाहण्याची सक्ती नको म्हणून शब्द दडवला. इकडे शब्द आहे, पण तो दप्तरातला आहे. मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाशी तो बोलत नाही.

अॅमस्टरडॅमच्या त्या संग्रहात हेन्ड्रिक फान स्कायलेनबुर्ख याचे १६६५ चे एक चित्र आहे : बंगालमधील हुगळी येथील डच कंपनीची वखार. तटबंदी, आतल्या आखीव बागा, नदीतली गलबते आणि तटाबाहेर देशी माणसांची वर्दळ. मुंबईत बसून हे चित्र बोटाने मोठे करत गेलो की, एकेक माणूस जवळ येतो. ही कृपा त्या २०१२ च्या संकेतस्थळाचीच. परंतु त्या गलबतांतून रेशीम, सोरा आणि अफू जात होती, हे चित्र कितीही मोठे केले तरी दिसत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते. आणि तटाबाहेरची ती माणसे ज्यांची पूर्वज, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहावे लागते. त्या वाचकाला काय हवे, हे कोणत्याही पाहणीत अद्याप कोणी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.