लुई हार्ट्झ यांचा उदारमतवादी सहमतीचा सिद्धांत : एक चिकित्सा

अमेरिकन राजकीय मूल्यांच्या अभ्यासात लुई हार्ट्झ यांच्या ‘द लिबरल ट्रॅडिशन इन अमेरिका’ (१९५५) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेला सरंजामशाहीचा वारसा नव्हता. म्हणून तेथे खरी प्रतिगामी विचारसरणी उभी राहिली नाही आणि समाजवादही रुजला नाही, असे हार्ट्झ यांचे प्रतिपादन आहे. व्यक्तिस्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता व मर्यादित शासन या लॉकप्रणीत मूल्यांवर तेथे सर्वांचीच सहमती असल्याचे ते मानतात. मांडणी आकर्षक आहे आणि बऱ्याच अंशी उपयुक्तही.

मात्र नागरिक शासनावर प्रभाव कसा टाकतात, या प्रश्नाच्या कसोटीवर तिच्यातील उणीव स्पष्ट होते. गाऱ्हाण्यांच्या निवारणासाठी शासनाकडे अर्ज करण्याच्या हक्काला पहिल्या घटनादुरुस्तीने (१७९१) संरक्षण दिले होते. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी संघटनांनी या हक्काचा आधार घेऊन काँग्रेसकडे अर्जांचा ओघ सुरू केला. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातील गुलामगिरी रद्द करावी, ही त्यांतील एक प्रमुख मागणी. सह्या करणाऱ्यांत व सह्या गोळा करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती; मताधिकार नसलेल्यांच्या हाती दुसरे साधन तरी कोणते होते? प्रतिनिधिगृहाने मे १८३६ मध्ये असे अर्ज चर्चेविना बाजूला ठेवण्याचा ठराव केला. इतिहासात तो ‘गॅग रूल’, म्हणजे मुस्कटदाबीचा नियम, म्हणून ओळखला जातो. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा त्याच सभागृहाचे सदस्य होते. गुलामांकडून आलेला म्हणून सांगितला जाणारा एक अर्ज नियमात बसतो काय, असे त्यांनी फेब्रुवारी १८३७ मध्ये सभापतींना विचारले, एवढ्यावरूनच त्यांच्या निषेधाचे प्रस्ताव आले. ते बारगळले; परंतु गुलामांना अर्जाचा हक्क नाही, असे सभागृहाने ठरावाने जाहीर केले. मूळ नियम रद्द होण्यास डिसेंबर १८४४ उजाडावा लागला.

हार्ट्झ दक्षिणेची दखल घेत नाहीत असे नव्हे. जॉर्ज फिट्झह्यू यांच्यासारख्या गुलामगिरीसमर्थकांच्या विचारांची त्यांनी सविस्तर चर्चा केली आहे; पण ती सरंजामी स्वप्नरंजन म्हणून. खरा आक्षेप येथेच आहे. स्वप्नरंजनाला सभागृहात बहुमत मिळत नसते.

रॉजर्स स्मिथ यांनी १९९३ मध्ये मांडलेला ‘बहुविध परंपरां’चा सिद्धांत या दृष्टीने अधिक ग्राह्य ठरतो. वंश व लिंग यांवर आधारित श्रेणीव्यवस्था ही उदारमतवादाइतकीच मूळची अमेरिकन परंपरा आहे, असे ते म्हणतात. तथापि या दोन परंपरांची फारकत त्यांनी काहीशी सोपी करून टाकली आहे. गुलाममालकांनी आपली बाजू मांडली ती मालमत्तेच्या हक्काच्या, म्हणजे लॉकच्याच भाषेत. दुसरीकडे ॲडम्स यांचा आग्रहही मुख्यतः अर्जाच्या हक्कासाठी होता. कोलंबिया जिल्ह्यातील गुलामगिरी तत्काळ रद्द करण्याच्या मागणीला त्यांचा पाठिंबा नव्हता.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामगिरीच्या विरोधात झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ही कृतज्ञता अमेरिकन मूल्यांविषयी नव्हती, ती माणसांविषयी होती; आणि हार्ट्झ यांच्या ग्रंथात नेमक्या याच माणसांना दुय्यम जागा मिळाली आहे.