कोण कोणास म्हणाले?

मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिकांतून ज्याला कधी रजा मिळाली नाही असा एक प्रश्न आहे : ‘कोण कोणास म्हणाले?’ धडा गोष्टीचा असो वा नाटकाचा, पाचसहा वाक्ये द्यावयाची आणि प्रत्येकापुढे दोन नावे मागावयाची, हा शिरस्ता. परप्रांतातील एका मराठी शाळेत सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीची उत्तरपत्रिका मध्यंतरी पाहण्यात आली. उतारा रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा, अर्थात मराठी अनुवादातला. सुधेच्या अखेरच्या वाक्यापुढे मुलीने लिहिले होते : ‘सुधा अमलला म्हणाली.’ त्यावर तांबडी फुली होती. अपेक्षित उत्तर : ‘सुधा राजवैद्यास म्हणाली.’

कागदोपत्री परीक्षकांचेच बरोबर आहे. पण नाटक कोणाला कळले?

१९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या नाटकातील अमल हा माधव दत्ताने सांभाळलेला आजारी मुलगा. वैद्याने बाहेरचे वारे वर्ज्य केल्यामुळे तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो. मला विसरणार नाहीस ना, असे तो सुधेस विचारतो. ती वचन देते. अखेरीस ती फुले घेऊन येते तेव्हा अमल झोपला आहे. तो जागा झाला की, सुधा त्याला विसरली नाही, एवढे त्याच्या कानात सांगावे, अशी ती राजवैद्यास विनंती करते. शब्द वैद्याच्या स्वाधीन केले आहेत, बोलणे मात्र अमलशीच आहे. आणि ज्याच्याशी ते आहे तो कदाचित पुन्हा उठणारही नाही. या प्रवेशातील सारे कारुण्य याच अंतरात आहे. ‘असे का लिहिलेस?’ म्हणून मी विचारले, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, राजवैद्य तर तिथे नुसता पोस्टमन आहे!” या उत्तराला शून्य गुण मिळाले होते.

तेव्हा दोष प्रश्नाचा नव्हे. किंबहुना नाटकाविषयी विचारण्याजोगा हाच पहिला प्रश्न होय. कथेत लेखक शेजारी बसून समजावून देतो. नाटकात तो दिसत नाही. कोण बोलतो, कोणाशी, कोणाच्या देखत आणि कशासाठी, हे वाचणाऱ्याने स्वतःच ताडावयाचे असते. फकिराच्या वेषात आलेले ठाकुरदा अमलला फकीरच वाटतात. माधवाला खरा प्रकार ठाऊक असतो. एकच वाक्य दोघांच्या कानी दोन अर्थांनी पडते. पुढे गावचा पाटील थट्टेने कोरा कागद राजाचे पत्र म्हणून पुढे करतो, ठाकुरदा त्यावर अक्षरे वाचतात, आणि राजदूत खरोखरच येऊन थडकतो. येथे ‘पत्रात काय लिहिले होते?’ असे विचारले तर केवळ स्मरणशक्तीची परीक्षा होईल. ‘पत्र कोरे आहे हे त्या खोलीत कोणाकोणास ठाऊक होते?’ असे विचारले तर वाचनाची होईल.

बारा वर्षांच्या मुलांस हे पेलणार नाही, असा आक्षेप येईल. १९४२ च्या जुलैत, वॉर्सा येथे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, यानुश कोर्चाक या वैद्य-शिक्षकाने आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून हेच नाटक करविले. पुढच्याच महिन्यात त्या मुलांसह त्याला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. मुलांच्या आकलनाविषयी त्याला आपल्याइतकी शंका नव्हती.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. चाळीस वह्या तपासावयाच्या, तर गुणदानात सारखेपणा हवा. नाहीतर पालक जाब विचारतील. नमुन्यातील रकाने भरण्यातच ज्याचा दिवस जातो, त्याला ही अडचण सांगावी लागत नाही. तथापि त्यावर उपायही रकान्याचाच आहे. ‘कोण’ आणि ‘कोणास’ यांच्या पुढे तिसरा रकाना असावा : ‘हे बोलणे खरोखर कोणासाठी होते, आणि कशावरून?’ निम्मे गुण नावांस, निम्मे कारणास. कारण उताऱ्यातून दाखविता आले की गुण द्यावे, मग ते परीक्षकांच्या उत्तराशी जुळो वा न जुळो.

मुलांना नाटक कळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी, ते कळल्याची खूण आपल्यालाच ओळखता येते की नाही, हे परीक्षकांनी एकदा पडताळून पाहावे, एवढीच विनंती.