संमेलनाचा उत्तररंग

साहित्यसंमेलनाचा वृत्तांत लिहितांना अध्यक्षीय भाषणास कित्येक रकाने मिळतात, परिसंवादांचा गोषवारा येतो, ठराव तर शब्दशः उतरले जातात. परंतु संध्याकाळच्या कथाकथनाची बोळवण बहुधा एका ओळींत होते. दिवस विचाराचा व रात्र करमणुकीची, दमलेल्या प्रतिनिधींना तेवढाच विरंगुळा, अशी ही वांटणी आहे. ती सोयीची असली तरी खरी नाहीं, असें आमचें मत आहे.

बीड जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८३ सालीं अंबाजोगाईस व १९९८ सालीं परळी वैजनाथ येथें भरलें. पहिल्याचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर, दुसऱ्याचे द. मा. मिरासदार. ह्या दोन नांवांस शंकर पाटील हें तिसरें जोडलें कीं, गांवोगांव रात्री जागविणारें कथाकथनाचें तें प्रसिद्ध त्रिकूट पुरें होतें. आणि पाटीलही १९८५ सालीं मराठवाड्यांतील नांदेडासच अध्यक्ष झाले. ह्यास योगायोग म्हणावें. परंतु ज्यांची कला रात्रीच्या सभेंत बहरली, त्यांनाच दिवसाच्या सभेनें उच्चासन दिलें, एवढें तरी त्यावरून दिसतें.

ह्यावर असा आक्षेप घेतला जातो कीं, समोरचा हंशा लेखकास आपल्यामागें ओढीत नेतो व कथेची चुटका-मालिका होते. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. मिरासदारांचा ‘भुताचा जन्म’ किंवा पाटलांची ‘धिंड’ ऐकतांना श्रोता पोट धरून हंसतो; माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मात्र एकट्यानें, शांतपणें वाचावयाची. पण ‘बनगरवाडी’चीं तीं आंखूड, अनलंकृत वाक्यें तरी कोठून आलीं? बोलणाऱ्या माणसाकडे कान देणाऱ्या लेखकाचींच तीं आहेत. तो कान रात्रीच्या सभेंत तयार होतो, परिसंवादांत नव्हे.

अंबाजोगाईस तर हें सांगण्याचें कारण पडूं नये. मुकुंदराजांची समाधि परंपरा तेथें दाखविते. दासोपंतांनीं सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी तेथलीच. तीही चारचौघांपुढें उलगडण्याची वस्तु, मांडीवर घेऊन वाचण्याची पोथी नव्हे. नारदीय कीर्तनांत पूर्वरंगीं निरूपण असतें व उत्तररंगीं आख्यान. आख्यान म्हणजे निरूपणापासून सुटका नव्हे. तोच सिद्धांत तेथें हाडामांसाचा होऊन उभा राहतो. संमेलनाची संध्याकाळ ही अशी उत्तररंग झाली पाहिजे.

ती तशी झाली किंवा नाहीं, हें कशावरून ओळखावें? आमच्या मतें, हंसणारा कोणाशेजारीं बसला आहे त्यावरून. शेतकरी शेजारीं असतां शहरचा प्रतिनिधि ग्रामीण कथेस हंसतो, तेव्हां तो त्याच्याबरोबर हंसतो. ती जागा रिकामी असतां हंसतो, तेव्हां त्याला हंसतो. संमेलनें बहुधा हिंवाळ्यांत भरतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यांतील लाखों माणसें ऊसतोडणीसाठीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेलेलीं असतात. ज्यांच्या बोलीवर मांडव खुश व्हावयाचा, तेच मांडवांत नसावेत, ही गोष्ट आयोजकांनीं व टीकाकारांनीं दोघांनींही मनावर घेण्याजोगी आहे.

ह्यास उपाय म्हणजे करमणूक कमी करणें नव्हे, तर बोलणाऱ्यांची संख्या वाढविणें. ह्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या दलित स्त्रियांनीं बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झाल्या. अशा गळ्यांना व्यासपीठ द्यावें व प्रतिनिधींनीं एक रात्र तरी खालीं सतरंजीवर बसून ऐकावें. दिवसभर बोलणाऱ्यांना रात्रीं ऐकावयास लावणें, हेंच संध्याकाळच्या कार्यक्रमाचें खरें प्रयोजन होय. आणि तें साधलें, तर दुसऱ्या दिवशींच्या परिसंवादांतही कांहीं निराळें ऐकूं येण्याची आशा धरतां येईल.