हुडीवरचं माकड कसं वाचायचं?

जानेवारी २०१८. एच अँड एमच्या ब्रिटनमधल्या वेबसाइटवर एका कृष्णवर्णीय मुलाचा फोटो होता. अंगात हिरवी हुडी, तिच्यावर इंग्रजीत छापलेलं: 'जंगलातलं सगळ्यात कूल माकड'. जगभरातून टीका झाली. द वीकेंड या गायकानं कंपनीबरोबरचं काम थांबवलं. कंपनीनं माफी मागितली, हुडीही विक्रीतून काढली.

तुम्ही म्हणाल, 'आपणही पोरांना लाडानं माकडा म्हणतोच की!' म्हणतो. पण कोण कोणाला म्हणतंय, त्यावर अर्थ बदलतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांना माणसापेक्षा हलकं ठरवायला हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलाय. लांब कशाला, २००७ साली आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून चिडवलं होतं. तो काही लाड नव्हता.

आता त्याच मालिकेतली दुसरी हुडी बघा. तिच्यावर 'सर्व्हायव्हल एक्स्पर्ट' होतं आणि ती घातलेला मुलगा गोरा होता. एक जंगलातला तज्ज्ञ, दुसरा जंगलातलं माकड! एकच फोटो घेऊन बसलात, तर ही तुलना हातातून निसटते.

'कंपनीचा हेतू वाईट होता का?' हा प्रश्न मात्र प्रबंधासाठी घेऊ नका. हेतू फोटोवरून सिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा विचारा: इतक्या जणांच्या नजरेखालून फोटो गेला, तरी कुणालाच कसं खटकलं नाही? निवड कोण करतं, तपासतं कोण, आधीच्या कॅटलॉगमध्ये कोणत्या मुलाला काय घातलं होतं? हे शोधता येतं. सुरुवात तिथून करा.